शेजाऱ्याशी ठरलेला सामना

श्रोतेहो, नमस्कार.

नात्यातलं, ओळखीतलं कुणी ना कुणी अमेरिकेत शिकायला असतंच. तिकडे शरद ऋतूतल्या शनिवारी फोन लावला, तर पलीकडून उत्तर येतं, "आई, आज गावात मॅच आहे, नंतर बोलते." ही मॅच म्हणजे कॉलेज फुटबॉल, लंबगोल चेंडूचा अमेरिकी खेळ. खेळणारे विद्यार्थीच, पण मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात १ लाख ७ हजारांहून जास्त माणसं बसतात. आज बोलायचंय ते या खेळातल्या जुन्या वैरांबद्दल, आणि टीव्हीच्या पैशापायी त्यांची जी मोडतोड चाललीय तिच्याबद्दल.

ओक्लाहोमा राज्यात दोन मोठी विद्यापीठं आहेत. नॉर्मनचं ओक्लाहोमा आणि स्टिलवॉटरचं ओक्लाहोमा स्टेट. अंतर दीडशे किलोमीटरच्या आत. त्यांच्या सामन्याला 'बेडलम' म्हणतात, आणि १९१०पासून तो दरवर्षी होत आला. एकूण हिशोब फारच एकतर्फी आहे. नॉर्मनचे ९१ विजय, स्टिलवॉटरचे अवघे २०. तरी स्टिलवॉटरच्या माणसाला वर्षभरात जिंकायचा असतो तो हाच सामना. ४ नोव्हेंबर २०२३ला त्यांनी तो २७-२४ असा जिंकला, प्रेक्षक मैदानात धावले. आणि तिथेच मालिका थांबली. २०२४ला बेडलम झालाच नाही.

का? इथे कॉन्फरन्स समजून घ्यायला हवी. कॉन्फरन्स म्हणजे विद्यापीठांचा गट. नियमित हंगामात संघाला १२ सामने मिळतात, त्यातले ८ किंवा ९ गटातल्या गटात. उरलेल्या तीन-चार तारखांचे करार कित्येक वर्षं आधीच झालेले असतात. त्यामुळे एक शेजारी गट सोडून गेला, की दुसऱ्यासाठी तारीख शिल्लक राहत नाही. ओक्लाहोमा १ जुलै २०२४ला 'बिग ट्वेल्व्ह' हा गट सोडून 'एसईसी' या गटात गेलं, कारण तिथे प्रक्षेपणाचे पैसे कितीतरी जास्त आहेत.

या पैशाची वाट मोकळी झाली ती १९८४ साली. तोवर टीव्हीवर कुठले सामने आणि किती दाखवायचे, हे एनसीएए ही कॉलेज खेळांची राष्ट्रीय संस्था ठरवायची. त्याविरुद्ध ओक्लाहोमा आणि जॉर्जिया विद्यापीठं न्यायालयात गेली, आणि सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. हक्क विकण्याची मुभा विद्यापीठांना आणि गटांना मिळाली. २०२२ साली 'बिग टेन' या गटाने केलेला सात वर्षांचा प्रक्षेपण करार ७ अब्ज डॉलरहून मोठा होता. त्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या यूएससी आणि यूसीएलए यांनी पॅसिफिक किनाऱ्यावरचा आपला जुना गट सोडून त्यात जायचं जाहीर केलं. पुढच्या वर्षी तो गट जवळजवळ रिकामा झाला. कॅलिफोर्नियाच्या पोरांनी आता न्यू जर्सीपर्यंत खेळायला जायचं, आणि फुटबॉलच नव्हे, व्हॉलीबॉलच्या मुलींनीसुद्धा. याचा मला मनापासून राग येतो.

सामन्याची वेळही वाहिनीच्या हातात. बऱ्याचदा ती अवघे बारा दिवस आधी, कधी सहाच दिवस आधी कळते. दूरच्या गावाहून मुलाबाळांसह येणाऱ्याने तिकीट काढलेलं असतं, पण खेळ सकाळी की रात्री, हे त्याला ठाऊक नसतं.

गंमत अशी की वाहिन्यांचे स्वतःचे आकडे जुन्या वैराच्याच बाजूने बोलतात. मिशिगन आणि ओहायो स्टेट १८९७पासून खेळताहेत. २०२३चा त्यांचा सामना सुमारे १ कोटी ९० लाख लोकांनी पाहिला. २००६ला पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकावर असताना ते भिडले, तेव्हा हा आकडा २ कोटींच्या वर होता. नोव्हेंबरअखेरचा तो शनिवार जत्रेच्या तिथीसारखा ठरलेला आहे. आजोबांनी पाहिलेला सामना नातू त्याच सुमाराला पाहतो. असा प्रेक्षक नव्या जोड्या जुळवून तयार होत नाही.

टेक्सास आणि टेक्सास ए अँड एम यांचं वैर १८९४पासूनचं. २०११ला ईएसपीएन या क्रीडावाहिनीने टेक्साससाठी स्वतंत्र वाहिनी काढली, ती ए अँड एमला खुपली, आणि पुढच्या वर्षी ते एसईसीत गेलं. दोन्ही विद्यापीठांच्या रणगीतांत एकमेकांचा उल्लेख आहे. बारा हंगाम दोन्हीकडे ती गाणी म्हटली जात राहिली, समोर तो प्रतिस्पर्धी नसताना! पुढे टेक्सासही एसईसीत आलं, आणि ३० नोव्हेंबर २०२४ला ए अँड एमच्या गावी, कॉलेज स्टेशनच्या मैदानावर दोघे पुन्हा भेटले. टेक्सासने १७-७ असा सामना जिंकला.

एसईसीने २०२६पासून गटातले ९ सामने ठरवलेत, आणि प्रत्येक संघाला तीन प्रतिस्पर्धी दरवर्षी खेळायला दिलेत. मला हे फार चांगलं वाटतं. पण ओक्लाहोमाच्या वाट्याला आलेल्या तिघांत स्टिलवॉटर नाही, कारण ते त्या गटातच नाही. बारातून नऊ गेले, उरल्या तीन तारखा. त्यातला किमान एक सामना दुसऱ्या मोठ्या गटातल्या संघाशी खेळावा, अशी एसईसीचीच अट आहे. ओक्लाहोमा स्टेट 'बिग ट्वेल्व्ह'मध्ये आहे, म्हणजे ते या अटीत चपखल बसतं. जुने करार संपतील तसतशी ती तारीख स्टिलवॉटरला द्यावी.

नमस्कार.