शेवट सांगू नका

[रविवार सकाळ. सभागृहाच्या दाराला आतून कडी लागते.]

नाशिकचा रविवार म्हणजे मिसळ. पण आमच्या सिनेमावेड्या गटाची ही मंडळी रिकाम्या पोटी 'सायको' हा जुना थरारपट बघायला अंधारात येऊन बसली आहेत. बाहेर हेल्मेट हातात घेऊन उभे असलेले काका चार मिनिटं उशिरा आले. आता दार उघडणार नाही.

हा नियम आमचा नाही, दिग्दर्शक हिचकॉकचा. १९६० साली 'सायको' लागला तेव्हा त्यानं थिएटरवाल्यांना बजावलं होतं, सिनेमा सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही. समीक्षकांसाठी वेगळा खेळही ठेवला नाही. पब्लिकबरोबर बसा आणि बघा. काहींचं तिथंच बिनसलं असावं.

[पडद्याचा उजेड चेहऱ्यांवर. एक बाई डोळ्यांवर पदर धरतात.]

न्हाणीघराचा प्रसंग. वार होतात तो तुकडे तुकडे जोडलेला भाग जेमतेम पाऊण मिनिटाचा, शूटिंग मात्र सात दिवस. रक्त म्हणजे चॉकलेटचं सिरप. कृष्णधवल पडद्यावर ते खपून जातं. हिचकॉकला इथं संगीत नकोच होतं. संगीतकार बर्नार्ड हरमननं तरीही रचलं, फक्त तंतुवाद्यांवर. व्हायोलिनच्या त्या किंकाळ्या ऐकून हिचकॉकनं आपला हट्ट सोडला.

[पांडवलेणी, पायथ्याचं फाळके स्मारक.]

तुकडे जोडून डोळ्याला फसवायची ही विद्या नाशिककरांना परकी नाही. त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्याही आधी वाटाण्याचं रोप असंच थोडं थोडं टिपून पडद्यावर भराभर वाढवलं होतं.

[दिवे लागतात. खुर्च्या वळवून चर्चा.]

भांडण पेटलं ते शेवटावरून. शेवट काय, ते इथं सांगणार नाही. एवढंच, की रहस्य फुटल्यावर एक मानसोपचारतज्ज्ञ येतो आणि सगळं फोड करून सांगतो. मागच्या रांगेतल्या मुलाचं म्हणणं, हे व्याख्यान कापा. निवृत्त शिक्षिका असलेल्या बाई म्हणतात, "अरे, साठ सालच्या लोकांना कोण समजावणार होतं?" अमेरिकी समीक्षक रॉजर एबर्ट यांचाही आक्षेप नेमका याच व्याख्यानावर होता. आम्ही मुलाच्या बाजूचे. पण त्यानंतर तो भिंतीपाशी बसलेला चेहरा येतो...

[बाई बोलायच्या थांबतात. तीन सेकंद शांतता.]

लंडनच्या 'ऑब्झर्व्हर'च्या समीक्षक सी. ए. लेज्यून तर शेवटापर्यंत थांबल्याच नाहीत. वैतागून उठून गेल्या आणि परीक्षणात तसं लिहूनही टाकलं. शेवटावर वाद घालायची सोयच ठेवली नाही! 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या बॉझ्ली क्राउदरनी आधी नाक मुरडलं आणि वर्षअखेरीस हाच सिनेमा आपल्या दहा उत्तम चित्रपटांत घेतला. ऑस्करची नामांकनं चार, हाती एकही नाही.

[कडी निघते.]

१०९ मिनिटं झाली. काका अजून पायरीवरच आहेत. मंडळी त्यांना मिसळीला घेऊन निघाली आहेत. शेवट काय झाला, हे त्यांनी आत्तापर्यंत दोघांना विचारलंय. बाई म्हणाल्या, "आधी तर्री घ्या."