भोकाच्या कडेला

हा ॲल्युमिनियमचा पत्रा. जाडी एक मिलिमीटरच्या आत. याला एक भोक पाडून दोन्ही टोकांनी ओढलं, की भोकाच्या कडेला ताण जवळपास तिप्पट होतो. भोक बारीक असलं म्हणून सुटका नाही; पत्रा पुरेसा रुंद असेल तर पट तीच.

कॉलेजात बीम शिकवतात, बकलिंग तर घोटून घेतात. भोक कडेपासून किती आत घ्यायचं, कोपऱ्याला किती रेडियस द्यायचा, हे मात्र बऱ्याचदा नोकरीत कळतं, कुणी सीनियर ड्रॉइंगवर लाल गोल काढतो तेव्हा. मला हा क्रमच उलटा वाटतो.

10 जानेवारी 1954. रोमहून उडालेलं कॉमेट, म्हणजे ब्रिटनच्या डी हॅविलँड कंपनीचं प्रवासी जेट विमान, इटलीच्या एल्बा बेटाजवळ समुद्रात कोसळलं. 35 जण गेले. 8 एप्रिलला नेपल्सच्या दक्षिणेला दुसरं कॉमेट पडलं. मग सर अर्नोल्ड हॉल यांच्या देखरेखीखाली इंग्लंडमधल्या फार्नबरोच्या विमान संशोधन केंद्रात एका अख्ख्या कॉमेटचं धड पाण्याच्या टाकीत बुडवलं गेलं. आत पाणीच भरून, उड्डाणागणिक होतो तसा दाब चढवायचा, उतरवायचा. हवा भरली असती तर धड बॉम्बसारखं फुटलं असतं आणि भेग कुठून निघाली हे वाचायला काही उरलं नसतं. आधीची उड्डाणं धरून 3,057 वेळा दाब सोसल्यावर धड फाटलं.

‘चौकोनी खिडक्यांनी कॉमेट पाडलं’ हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. पण ते कोपरे गोलाईचे होते. शिवाय एल्बाच्या समुद्रातून काढलेल्या छताच्या तुकड्यावर भेगेचा उगम सापडला तो प्रवाशांच्या खिडकीपाशी नव्हेच. तो होता वरच्या अँटेनाच्या खिडकीच्या कोपऱ्याजवळ, काउंटरसिंक केलेल्या, म्हणजे तोंड उतरतं कापलेल्या, एका भोकाच्या काठावर.

मग कंपनीने चाचणी केली नव्हती का? केली होती, आणि चाचणीतला धडाचा भाग दाबाची 16 हजारांहून जास्त आवर्तनं टिकला होता. गोम अशी, की त्याच भागावर आधी नेहमीच्या दुप्पट दाब देऊन ताकद तपासली होती. त्या दाबाने भोकांभोवतीचा धातू किंचित कायमचा ताणला गेला. दाब उतरल्यावर भोवतालच्या पत्र्याने त्याला आवळून धरलं, आणि अशा आवळलेल्या जागी भेग सहजी वाढत नाही. प्रवासी विमानांना तेवढा दाब कधी दिलाच नव्हता.

आता हे काउंटरसिंक जवळून पाहा. रिव्हेटचं, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्याचं, डोकं पत्र्याच्या पातळीत बसावं म्हणून भोकाचं तोंड उतरतं कापतात. पत्रा पातळ असेल तर हा उतार थेट खालच्या पृष्ठभागापर्यंत पोचतो आणि भोकाची कड सुरीच्या पात्यासारखी होते. म्हणून उताराची खोली पत्र्याच्या जाडीच्या दोन-तृतीयांशात ठेवायची. तेवढी जाडी नसेल तर कापायचं नाही, पत्रा दाबून त्याला खळगा द्यायचा.

28 एप्रिल 1988 ला हवाईमध्ये अलोहा एअरलाइन्सच्या बोईंग 737 चं छत हवेत उडालं. एक हवाई सेविका गेली. विमानाची 89,680 उड्डाणं झाली होती. वरचा पत्रा 0.9 मिलिमीटरचा, त्यात सुरीच्या धारेची भोकं. पत्र्यांमधली चिकट पट्टी सुटली तसा सगळा भार रिव्हेटांवर आला आणि ओळीने भोकं तडकत गेली. बोईंगने 292 व्या विमानापासून या जोडातला पत्रा जाड केला होता. अलोहाचं विमान 152 वं होतं.