निदानाची नावं का बदलतात?
(पालक आणि शिक्षकांसाठी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

ऑटिझम असलेल्या मुलांच्या बऱ्याच पालकांच्या फाइलमध्ये दोन-तीन अहवाल असतात आणि प्रत्येकावर वेगळं नाव असतं. एकावर पीडीडी-एनओएस (ऑटिझमसारखी लक्षणं, पण कोणत्याच ठरलेल्या प्रकारात पूर्ण न बसणारी), दुसऱ्यावर अस्पर्जर (ऑटिझमची लक्षणं, पण भाषा आणि बुद्धी मागे नाही), तिसऱ्यावर ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर. मग साहजिकच प्रश्न येतो, की नक्की झालंय काय? आधीचे डॉक्टर चुकले का? बहुतेक वेळा कुणीच चुकलेलं नसतं. ज्याने त्याने त्या वर्षी जे निकष प्रमाण मानले जात होते, ते लावलेले असतात.

हे निकष किती हलले आहेत ते बघा. ऑटिझम हा शब्द स्विस मनोविकारतज्ज्ञ ब्लॉयलर यांनी 1911 च्या सुमारास वापरला तो स्किझोफ्रेनियाचं एक लक्षण म्हणून. अमेरिकेतले बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी 1943 मध्ये 11 मुलांचं वर्णन करून ही वेगळीच अवस्था असल्याचं मांडलं. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात बालरोगतज्ज्ञ हान्स अस्पर्जर यांचा लेख आला. त्या दोघांच्याही कितीतरी आधी, 1925 मध्ये, ग्रुन्या सुखारेवा या रशियन डॉक्टरबाईंनी अशाच सहा मुलग्यांबद्दल लिहून ठेवलं होतं. त्यांचं नाव घ्यायला जगाने फार वेळ लावला, हे जाता जाता सांगायलाच हवं.

आता समजा, 1975 साली जन्मलेला एक मुलगा आहे. तीन वर्षांचा झाला तरी बोलत नाही, तासन्‌तास दाराच्या बिजागरीकडे बघत बसतो. 1978 मध्ये डीएसएमची दुसरी आवृत्ती चालू होती. डीएसएम म्हणजे अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेची निदानपुस्तिका. त्यात ऑटिझम हे स्वतंत्र निदान नव्हतंच. या मुलाच्या कागदावर बालवयातला स्किझोफ्रेनिया असं आलं असतं, आणि आईच्या थंडपणामुळे मूल असं झालं असं मानणारेही तेव्हा होतेच. 1980 च्या तिसऱ्या आवृत्तीत ‘इन्फंटाइल ऑटिझम’ आलं. अट अशी, की सुरुवात 30 महिन्यांच्या आत झालेली हवी. मुलगा दहा वर्षांचा झाला, थोडंफार बोलायला लागला, तर त्याच पुस्तकानुसार त्याला अवशिष्ट अवस्थेत, म्हणजे पूर्वी पूर्ण ऑटिझम होता, आता काही खुणा उरल्यात अशा गटात, टाकता आलं असतं. 1987 मध्ये निकष 16 झाले, त्यातले 8 जुळले की झालं, आणि 30 महिन्यांची अट गेली. 1994 मध्ये चौथ्या आवृत्तीत अस्पर्जर हे वेगळं निदान आलं. 2013 मध्ये पाचव्या आवृत्तीने हे सगळं एकाच स्पेक्ट्रममध्ये घातलं. त्या मुलाच्या मेंदूत यातल्या एकाही वर्षी काही उलथापालथ झाली नाही. पण त्याला कुठल्या शाळेत घेतील आणि आईकडे लोक कोणत्या नजरेने बघतील, ते मात्र प्रत्येक नावासरशी बदललं असतं.

म्हणून ‘ऑटिझम वाढला हो’ असं कुणी म्हणालं, की मी आधी निकष विचारते. अमेरिकेत आठ वर्षांच्या मुलांत 2000 साली 150 मध्ये 1 अशी नोंद होती, 2022 ची नोंद 31 मध्ये 1 अशी आहे. यातली सगळी वाढ नुसती कागदावरची आहे, असं मी म्हणणार नाही. पण व्याख्या रुंदावली, शिक्षक-डॉक्टर लवकर ओळखायला लागले, पूर्वी बौद्धिक अक्षमता असं नोंदवलेली बरीच मुलं या गटात आली, याचा वाटा मोठा आहे.

अस्पर्जर का काढलं? अनेकांचा समज असा, की अस्पर्जर यांचा नाझी राजवटीशी आलेला संबंध उघड झाला म्हणून. त्यांनी मुलांना व्हिएन्नाच्या श्पीगेलग्रुंडला पाठवल्याचं, म्हणजे जिथे अपंग मुलांना मारलं जात होतं तिथे पाठवल्याचं, कागदपत्रांसह सविस्तर मांडणारा लेख 2018 चा आहे. नाव त्याआधीच, 2013 मध्ये गेलं होतं. खरं कारण कमी नाट्यमय आहे. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ कॅथरीन लॉर्ड आणि सहकाऱ्यांनी 12 विद्यापीठीय केंद्रांतली दोन हजारांवर मुलं तपासली. सगळीकडे चाचण्या त्याच. तरी कुणाला अस्पर्जर म्हणायचं, कुणाला ऑटिझम आणि कुणाला पीडीडी-एनओएस, हे मुलाच्या लक्षणांपेक्षा ते कोणत्या केंद्रात गेलं यावर जास्त ठरत होतं. शहर बदललं की निदान बदलतं, असं वर्गीकरण टिकणार कसं? जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 या आजारांच्या वर्गीकरणानेही पुढे तोच मार्ग धरला, ते 2022 पासून लागू आहे.

तरीही ज्यांना तिशी-चाळिशीत अस्पर्जर हे नाव मिळालं आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा उलगडा झाला, त्यांच्यावर ते सोडायची सक्ती कुणी करू नये, असं मला वाटतं. जुनं निदान पक्कं असेल तर ते ऑटिझम स्पेक्ट्रम धरावं, असं पुस्तिकेतच लिहिलंय. नव्याने परीक्षा द्यायची गरज नाही.

आता लेव्हल, म्हणजे किती आधार लागतो ते सांगणारा पाचव्या आवृत्तीतला 1 ते 3 हा आकडा. इथे थोडं थांबते, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच आहे. अहवालावर ‘लेव्हल 1’ लिहिलेलं असतं आणि शाळेत त्याचं ‘माइल्ड आहे, जमेल’ असं होतं. मुळात लेव्हल एक नसते, दोन असतात. सामाजिक संवादासाठी एक, आणि ठरावीक, पुन्हा पुन्हा होणाऱ्या वागण्यासाठी दुसरी. एखादी मुलगी वाक्यं छान बोलते, पण न सांगता वेळापत्रक बदललं तर दोन दिवस जेवत नाही. संवादात लेव्हल 1, वागण्यात 2. तिच्या कागदावर एकच आकडा लिहिला तर जेवणाचा प्रश्न कुणाच्या ध्यानीमनीही येणार नाही. शिवाय ही तीव्रता प्रसंगाप्रमाणे आणि काळाप्रमाणे बदलू शकते, आणि केवळ तिच्यावरून सेवा द्यायच्या की नाकारायच्या हे ठरवू नये, असंही पुस्तिका म्हणते. ते वाक्य कार्यालयांपर्यंत पोचत नाही. अहवालात दोन आकडे नसतील तर मागून घ्या.

सगळं एकत्र केल्यावर वेगळं करायची मागणी आलीच. 2021 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने ‘प्रोफाउंड ऑटिझम’ ही संज्ञा सुचवली. ज्यांना जवळजवळ बोलता येत नाही किंवा तीव्र बौद्धिक अक्षमता आहे, आणि चोवीस तास कुणीतरी लागतं, अशांसाठी. स्पेक्ट्रममधल्या बोलणाऱ्या अनेक प्रौढांचा याला विरोध आहे. रेषा ओढली की रेषेच्या अलीकडच्यांची मदत काढून घेतील, ही त्यांची भीती खोटी नाही. पण रात्री दोन वाजता वीस वर्षांच्या मुलाला आवरणाऱ्या आईवडिलांची अडचणही ‘स्पेक्ट्रम’ या एका शब्दात दिसत नाही. माझा कल या आईवडिलांकडे आहे.

आणि जुने अहवाल टाकून देऊ नका, त्यांवरचं नाव कितीही कालबाह्य असलं तरी. चौथ्या वर्षी मूल किती शब्द बोलत होतं, हाक मारल्यावर वळत होतं का, खेळणं कसं हाताळत होतं, हे त्यातच लिहिलेलं आहे. मोठेपणी निदान करताना लक्षणं लहानपणापासून होती का, हे बघावंच लागतं, आणि तोवर घरात कुणाला ते नीट आठवत नसतं. त्या कागदांच्या झेरॉक्स काढून ठेवा.