पोटापाण्याच्या वेळा सांभाळणारं विद्यापीठ

नमस्कार मंडळी. विषय छापलाय ‘ख्रिस्ती विद्यापीठ आणि नोकरदार विद्यार्थी’, त्यात धर्म आणि शिक्षण यांचं नातं हा मुख्य मुद्दा, तिथे मी येणारच आहे, पण आधी लाँगव्ह्यू सांगू द्या. पूर्व टेक्सासमधलं गाव, तिथली लेटर्नो युनिव्हर्सिटी, लहान, खाजगी, ख्रिस्ती. आर. जी. लेटर्नो म्हणजे 1888 साली जन्मलेला, शाळा मध्येच सोडलेला माणूस, माती उपसायची अजस्र यंत्रं बनवायचा, दुसऱ्या महायुद्धात दोस्त सैन्याने ती भरपूर वापरली. कमाईतला नव्वद टक्के वाटा धर्मकार्याला आणि दहा टक्क्यांत घर, अशी त्याची ख्याती. 1946 मध्ये त्याने आणि बायको एव्हलिनने एक बंद झालेलं लष्करी हॉस्पिटल घेतलं, किंमत एक डॉलर! तिथे टेक्निकल इन्स्टिट्यूट काढली, युद्धावरून परतलेल्या पोरांसाठी. एक दिवस वर्ग, दुसऱ्या दिवशी लेटर्नोच्याच कारखान्यात काम, निम्मी पोरं बाकावर तेव्हा निम्मी मशीनवर. आता कोणी म्हणेल त्याला कारखान्यात हातही हवे होते, हवेच होते की, पण पोराच्या खिशात पगार पडत होता आणि वर्ग बुडत नव्हता.

मला हे वेळापत्रक इतकं का भावतं सांगतो. मी नोकरी करत पदवी घेतली. हॉल तिकीट हातात आलं की आधी वार बघायचो. बुधवारी सकाळी अकराला पेपर, शुक्रवारी दुपारी तीनला, मध्ये गुरुवारी कामावर हजर. बोनाफाईड हवं तर खिडकी दुपारी एकला बंद, म्हणजे एका शिक्क्यासाठी अर्धी रजा, आणि तेही क्लार्क जागेवर असला तर. नाहीतर शिपाई सांगणार, साहेब मीटिंगमध्ये आहेत, उद्या या. अहो, उद्या कुठून येऊ? एकदा मी विचारलंच की संध्याकाळी तासभर खिडकी उघडी ठेवता येणार नाही का, तर उत्तर आलं, शिकायचंय तर नोकरी सोडा. नोकरी सोडली तर फी कोण भरणार, हे त्या खिडकीपलीकडे कुणाच्या डोक्यातच नव्हतं. इथे बसलेल्या कितीजणांनी आजारपणाची रजा टाकून पेपर दिलेत, हात वर करा बघू. बघा, अर्धा हॉल!

आपल्याला हे सुचलं नव्हतं असं नाही. जोतीराव-सावित्रीबाईंनी 1855 मध्ये पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रशाळा काढली, आणि जोतीराव स्वतः स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले, तो धागा मोठा आहे, त्यावर वेगळं बोलायला हवं. आणि गंमत बघा, लेटर्नोची ती संस्था 1989 मध्ये युनिव्हर्सिटी झाली, त्याच वर्षी नाशिकला आपलं मुक्त विद्यापीठ सुरू झालं.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. तर मुख्य मुद्दा भरभर. लेटर्नोसारखी अमेरिकेतली छोटी ख्रिस्ती कॉलेजं नोकरदारांकडे का वळली? एक, काम हीसुद्धा देवाची सेवा ही त्यांची जुनी धारणा, त्यामुळे कामकरी माणूस त्यांना परका वाटत नाही. दोन, सरकारी कॉलेजसारखं राज्याचं अनुदान नाही, नोकरदारांच्या फीवर बराच डोलारा उभा, हेही खरंच आहे. इंडियानातल्या मॅरियन कॉलेजने, म्हणजे आजच्या इंडियाना वेस्लियनने, 1985 मध्ये नोकरदारांचे वेगळे अभ्यासक्रम काढले, ते पुढे खूप वाढले. अशा अनेक ठिकाणी आठवड्यातून एक संध्याकाळ वर्ग, एका वेळी एकच विषय, पाच-सहा आठवड्यांत तो संपवायचा, बॅच शेवटपर्यंत तीच. घरी आजारपण आलं तर बॅचमधलंच कोणीतरी नोट्स पाठवतं.

बहुतेक ठिकाणी बायबलचा पेपर असतो, प्राध्यापकांकडून श्रद्धेच्या निवेदनावर, म्हणजे संस्थेच्या धार्मिक धारणा मान्य असल्याच्या कागदावर, सही घेतात. माझं स्पष्ट मत, हे सगळं प्रवेशाआधी विद्यार्थ्यापुढे ठेवलं पाहिजे, मग ज्याला पटेल त्याने यावं. आणि तुमच्या ओळखीतलं कोणी तिकडे नोकरी करत शिकणार असेल तर आधी मान्यता कुणाची आहे, जुनी क्रेडिट्स धरतात का आणि कर्ज किती होणार, हे तीन प्रश्न विचारायला सांगा. फीचा तक्ता दाखवायचा राहिला, ज्यांना हवाय त्यांनी खाली चहाच्या टेबलापाशी गाठा.