मोडक्या पायाचा दर्यावर्दी

श्रोतेहो, नमस्कार. आज ज्या अमेरिकी नौदल अधिकाऱ्याविषयी बोलणार आहे, त्यांच्या नावावर एकही मोठी सागरी लढाई नाही. मॅथ्यू फाँटेन मॉरी १८०६ मध्ये व्हर्जिनियात जन्मले आणि १८२५ मध्ये नौदलात दाखल झाले. ‘व्हिन्सेन्स’ या जहाजावरून त्यांनी पृथ्वीप्रदक्षिणा केली. परंतु १८३९ मध्ये ओहायोत घोडागाडीच्या अपघातात त्यांचा पाय कायमचा अधू झाला.

समुद्रावर धाडता येत नाही, म्हणून १८४२ मध्ये वॉशिंग्टन येथील नकाशे व उपकरणांचे भांडार त्यांच्याकडे सोपवण्यात आले. तेथे जुन्या जहाजांची लॉगबुके धूळ खात पडली होती. कोणत्या महिन्यात, कोणत्या अक्षांशावर वारा कुठून वाहत होता आणि प्रवाह जहाजाला कुठे ओढत होता, हे त्या पानांत कप्तानांनी रोज लिहून ठेवले होते. मात्र हजारो नोंदी एकत्र मांडून पाहण्याचे कोणाला सुचले नव्हते. मॉरी यांनी ते काम हाती घेतले आणि १८४७ पासून वारे व प्रवाहांचे नकाशे प्रसिद्ध होऊ लागले. त्यांचा व्यवहार मोठा चतुर होता : नकाशे फुकट मिळत, पण घेणाऱ्या कप्तानाने आपल्या सफरीच्या नोंदी ठरलेल्या नमुन्यात भरून पाठवायच्या.

ब्राझीलच्या टोकाजवळचा प्रवाह जहाजाला अडकवतो, या धास्तीने खलाशी पूर्वेकडे दूरचा वळसा घेत असत. ही भीती अवास्तव आहे, असे मॉरी यांनी नोंदींवरून दाखवले. १८४८ मध्ये बाल्टिमोरच्या एका जहाजाने त्यांचा मार्ग धरला आणि सुमारे ५५ दिवसांची रिओची वाट ३८ दिवसांत कापली. १८५३ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने ब्रुसेल्सला दहा राष्ट्रांची परिषद भरून समुद्रावरील हवामाननोंदींची समान पद्धत ठरली. उत्तर ध्रुवाभोवती बर्फमुक्त समुद्र आहे, हा त्यांचा आवडता तर्क मात्र साफ चुकला.

एवढे होऊनही १८५५ मध्ये अधिकाऱ्यांच्या एका मंडळाने त्यांना सक्रिय सेवेतून बाजूला काढले. १८५८ मध्ये कमांडर पदावर ते परतले. १८६१ मध्ये मात्र त्यांनी स्वतःच राजीनामा दिला आणि अमेरिकेच्या यादवी युद्धात गुलामगिरी राखू पाहणाऱ्या दक्षिणेकडील राज्यांच्या बाजूला जाऊन विजेवर उडणारे पाणसुरुंग तयार केले. ज्यांनी समुद्र सुरक्षित केला, त्यांनीच नदीच्या पात्रात सुरुंग पेरावेत, हे मला खटकते. युद्धानंतर मेक्सिको व इंग्लंड फिरून ते व्हर्जिनियातील लष्करी संस्थेत प्राध्यापक झाले आणि १८७३ मध्ये लेक्झिंग्टन येथे, समुद्रापासून दूर डोंगराळ मुलखात, वारले.