माझगावची चिनी लोकांची खोली

श्रोतेहो, नमस्कार.

हार्बर लाइनवर डॉकयार्ड रोड स्टेशनला उतरून चालत निघालं, की नवाब टँक रोडच्या परिसरात एक जुनं घर लागतं. त्याला कळस नाही, घुमट नाही. दारावरची चिनी अक्षरं दिसली तरच पाय थबकतो. लाकडी जिन्याने वर गेलं, की उदबत्त्यांचा वास येतो आणि डोळ्यांत लाल आणि सोनेरी रंग भरतो. समोर असतो लाल चेहऱ्याचा, लांब दाढीचा देव, क्वान कुंग. मुंबईतलं हे एकमेव चिनी देऊळ. १९१९ साली उभं राहिलेलं.

माझे वडील गोदीत कामाला होते. लग्नाआधी ते माझगावातच राहिले, आमच्या गावकऱ्यांच्या खोलीत. लहानपणी त्यांच्याबरोबर त्या बाजूला गेलो, की ते बोट दाखवून म्हणायचे, "ती बघ, चिनी लोकांची खोली." मला वाटायचं, वडिलांना देऊळ म्हणायचं असेल. घाईत खोली म्हणतात. पुढे कितीतरी वर्षांनी या जागेच्या नावाचा अर्थ कळला, तेव्हा वडिलांचा शब्द किती नेमका होता ते ध्यानात आलं.

या घराचं नाव सी यप कून. सी यप म्हणजे चार तालुके. दक्षिण चीनमध्ये कँटनच्या, म्हणजे आजच्या ग्वांगझू शहराच्या नैर्ऋत्येला, मोती नदीच्या मुखाच्या पश्चिमेकडे तायशान, कायपिंग, शिनहुई आणि एनपिंग असे चार तालुके आहेत. डोंगराळ मुलूख, शेती तोकडी, पुरांचा आणि भांडणांचा जाच. तिथली माणसं एकोणिसाव्या शतकात घराबाहेर पडली. कुणी कॅलिफोर्नियात रेल्वेमार्ग टाकायला गेलं, कुणी ऑस्ट्रेलियात सोन्याच्या खाणींवर. आणि काहीजण जहाजांवर खलाशी, सुतार होऊन मुंबईच्या गोदीत उतरले. कून म्हणजे त्या चार तालुक्यांतल्या माणसांनी परक्या शहरात वर्गणी काढून बांधलेलं सामाईक घर. नव्याने आलेल्याने तिथे पथारी टाकायची, कामाची चौकशी करायची, आजारी पडला तर जातभाईंनी बघायचं. गावाकडचं पत्रही तिथेच यायचं. आणि अशा घरात देव हवाच, म्हणून देव.

आता सांगा, ही गोष्ट आपल्याला नवी आहे का? गिरणगावात कोकणातल्या गावागावांच्या खोल्या होत्या. माणशी एक ट्रंक आणि एक वळकटी. रात्रपाळीवाला कामाला गेला, की त्याच जागेवर दिवसपाळीवाला आडवा व्हायचा. भिंतीवर ग्रामदेवतेची तसबीर, आणि तिच्या पालखीची वर्गणी याच खोलीत जमायची. गोव्याच्या खलाशांचे धोबीतलावला असेच क्लब, त्यांना ते कूड म्हणतात. गावागणिक वेगळे, आणि प्रत्येकात गावच्या संताची वेदी. मला वाटतं, सी यप कून समजून घ्यायला चीनचा इतिहास पाठ असावा लागत नाही. मुंबईत खोलीवर राहिलेल्या कुणाही माणसाला ते लगेच कळतं.

क्वान कुंग हा मुळात हाडामासाचा माणूस. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या उंबरठ्यावर चीनची तीन राज्यांत फाळणी होत होती, त्या धामधुमीतला क्वान यू नावाचा सेनापती. लोककथा सांगते, की पीच फुलांच्या बागेत त्याने दोन मित्रांबरोबर शपथ घेतली : जन्म एका दिवशी झाला नसला तरी आपण भाऊ. ती शपथ त्याने मरेपर्यंत पाळली. शत्रूने पकडलं, मानमरातब देऊ केले, तरी तो बधला नाही. पुढे लोकांनीच त्याला देव केलं. घरापासून हजारो मैलांवर, जिथे सख्खा भाऊ जवळ नाही, तिथे मानलेल्या भावाशी इमान राखणारा देव माणसांना जवळचा वाटला यात नवल नाही. या इमारतीत करुणेची देवी क्वान यिन हिचंही स्थान आहे. दर्याची नोकरी करणाऱ्यांना तिचाही मोठा आधार.

मी गेलो तेव्हा माझी नजर सारखी जात होती ती बांबूच्या नळकांड्याकडे. त्यात काड्या असतात, प्रत्येक काडीवर आकडा. भाविक गुडघे टेकून मनातला प्रश्न देवापुढे ठेवतो आणि नळकांडं तिरकं धरून हलवत राहतो. काड्या खुळखुळतात, हळूहळू एक काडी इतरांच्या वर डोकं काढते आणि जमिनीवर पडते. तिच्या आकड्याप्रमाणे उत्तर पाहायचं. अशा देवळांत अर्धचंद्राच्या आकाराचे दोन लाकडी तुकडेही असतात, एक बाजू सपाट, एक फुगीर. ते टाकायचे. एक उताणा, एक पालथा पडला, की देवाचा होकार. श्रोतेहो, कोकणातल्या माणसाला हे काय आहे हे समजावून सांगायला नको. हा कौलच. आमच्याकडे गुरव देवाच्या अंगावर कळ्या लावतो, गाऱ्हाणं घालतो आणि उजवी पडते की डावी याची सगळे श्वास रोखून वाट बघतात. इथे काडी पडल्याचा बारीकसा टक्क आवाज झाला, तेव्हा माझा श्वास तसाच रोखलेला होता.

हीच सी यप माणसं कोलकात्यातही होती. तिरेट्टा बाजाराच्या परिसरात त्यांचं १९०५ सालचं देऊळ आहे, आणि त्याच्या आसपास इतर तालुक्यांच्या लोकांची देवळं. गंमत म्हणजे कोलकात्यात या चिनी देवळांना चर्च म्हणतात. तिथे चिन्यांची वस्ती मोठी होती. मुंबईत ती लहानच राहिली : शुक्लाजी स्ट्रीटच्या बाजूला काही घरं, काही माझगावात. दातांचे दवाखाने, चपलाबुटांची दुकानं, केस कापायची दुकानं आणि हॉटेलं, हे त्यांचे धंदे.

मग आलं १९६२. सीमेवर युद्ध पेटलं आणि इथे जन्मलेली, हिंदी-मराठी बोलणारी माणसं एका रात्रीत संशयित ठरली. सुमारे ३,००० चिनी वंशाच्या लोकांना, त्यांतले बहुतेक आसाम-बंगालकडचे, राजस्थानातल्या देवलीच्या छावणीत डांबलं. बायका, म्हातारी माणसं, पोरंटोरं सगळी. काहींची सुटका व्हायला १९६७ उजाडलं. बाहेर राहिलेल्यांवरही नोंदणीची आणि पोलीस परवानगीची बंधनं होती. पुष्कळजण कॅनडाला, ऑस्ट्रेलियाला निघून गेले. एखाद्याच्या चेहऱ्यावरून त्याला परका ठरवणं हा मोठा अन्याय होता, आणि तो आपल्या देशात झाला हे सांगताना मला आजही वाईट वाटतं.

खोली मात्र राहिली. पूर्वी जिथे पथारी टाकायला जागा पुरत नसे, तिथे आज माणसं जमतात ती मुख्यतः चिनी नववर्षाला, जानेवारीच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत कधीतरी येणाऱ्या अमावास्येला. आदल्या रात्री उशिरापर्यंत उदबत्त्या पेटत राहतात, संत्री आणि मिठाई देवापुढे मांडली जाते, लहानांना लाल पाकिटांतून पैसे मिळतात. आपल्यासारखे बघे येतात, फोटो काढतात. यायला माझी हरकत नाही. पण फोटोत भिंत येते, देव येतो, खोली येत नाही. कोण कुठल्या जहाजावरून आलं, कुणी कुणाला जामीन राहिलं, वर्गणी किती होती, हे आज काही वयस्क माणसांच्याच आठवणीत उरलंय. ते त्यांच्या तोंडून, त्यांच्या आवाजात नोंदवून घ्यायचं काम याच वर्षी सुरू व्हायला हवं. माझ्या वडिलांच्या खोलीच्या आठवणी मी नोंदवल्या नाहीत. आता विचारायला ते नाहीत.

एक शेवटचं. या चार तालुक्यांतल्या माणसांची जुनी इच्छा असायची, की परदेशात मरण आलं तरी हाडं गावी पोचावीत. जगभरातून अशी हाडं पेट्यांत भरून हाँगकाँगमार्गे गावोगाव पाठवली जात. मुंबईत मेलेले कित्येक इथेच राहिले, अँटॉप हिलच्या चिनी दफनभूमीत. दरवर्षी एप्रिलच्या ४ किंवा ५ तारखेला चिंग मिंग येतो, आपल्या सर्वपित्रीसारखा पितरांचा दिवस. त्या दिवशी थडग्यावरचं गवत काढायचं, दगड पुसायचा, अक्षरांना पुन्हा रंग द्यायचा. त्या अक्षरांत माणसाच्या नावाबरोबर त्याच्या गावाचंही नाव कोरायची चाल आहे. मग फळं ठेवायची, चहाची पेली ठेवायची, उदबत्ती लावायची, आणि ती विझेपर्यंत तिथेच बसून राहायचं.

नमस्कार.