मुका रातकिडा

(दृश्य : रात्रीचं जंगल. टॉर्चचा उजेड कुजक्या ओंडक्यावरून सरकत एका जागी थांबतो.)

रातकिडा म्हटलं की किर्र आवाज आलाच. हा मात्र मुका आहे. पंखावर पंख घासून आवाज काढावा, तर याला पंखच नाहीत. इतर रातकिड्यांचे कान पुढच्या पायांच्या नडगीवर असतात, याला तेही नाहीत. पाठ कुबड काढल्यासारखी, मिशा अंगाहून लांब, पंजाला चार पेरं. खऱ्या रातकिड्याला तीनच असतात.

हे राफिडोफोरिडी कुळ. यांना 'गुहेतले रातकिडे' म्हणतात, पण यांतल्या कितीतरी जाती जंगलातच जन्मतात आणि जंगलातच मरतात. दिवसा सालीखाली, ढोलीत, दगडांच्या सांदीत बसायचं आणि अंधार पडला की बाहेर यायचं. कायम गुहेत राहणाऱ्या जाती फिकट पडतात, पाय काटकुळे होतात, काहींचे डोळेही बारीक होत जातात. जंगलातल्याचे डोळे ठसठशीत असतात आणि अंगावर पाचोळ्यात मिसळून जाणारी नक्षी असते. ही नक्षी अल्कोहोलमध्ये फिकी पडते, म्हणून फोटो जिवंतपणीच काढायचा.

(दृश्य : रुंद तोंडाची बाटली, मागून हळूच पुढे येणारी काडी.)

यांतली नवी जात ओळखून तिला नाव द्यायचं, तर नमुना लागतो. तो गोळा करायची रीतसर परवानगी हातात असली, तरी चिमटा खिशातच राहू द्या. मागचा पाय धरला, की हा तो बुंध्यापासून सोडून देतो आणि नेमके त्याच पायाच्या नडगीवरचे काटे मोजायचे असतात. तोंडासमोर बाटली धरा, मागून काडीने डिवचा. तो आपणहून आत उडी मारतो. जिवंत कीटक थेट अल्कोहोलमध्ये टाकला तर तडफडून पाय गाळतो. आधी थंड करून निपचित होऊ द्यावा, मग 70 ते 80 टक्के इथेनॉल. डीएनएसाठी मधला एक पाय वेगळा काढून 95 टक्क्यांहून तीव्र इथेनॉलमध्ये ठेवावा. अख्खा कीटक तेवढ्या तीव्र इथेनॉलमध्ये ठेवला तर ठिसूळ होतो.

खरी फसगत पुढे आहे. पंखवाल्या कीटकाची वाढ पुरी झाली की नाही, हे पंख सांगतात. इथे पंखच नाहीत आणि पिल्लू म्हणजे प्रौढाचीच छोटी प्रतिकृती. शेवटची कात टाकायची राहिलेलं पिल्लू मोजलं, तर 'लहान आकाराची नवी जात' सापडल्याचा भास होतो. मादीची अंडी घालायची तलवार बघा: प्रौढात ती टणक, गडद आणि टोकदार असते, पिल्लात आखूड आणि मऊ. मोजमापातही पोटाच्या लांबीवर भिस्त ठेवू नका, पोट फुगतं आणि आकसतं. मानेवरची ढाल आणि मागची मांडी मिलिमीटरमध्ये मोजा. ही मापं तशी फुगत-आकसत नाहीत.

(दृश्य : सूक्ष्मदर्शकाखाली नराच्या पोटाचं टोक.)

जात ठरते ती इथे. शेवटच्या पाठपट्ट्यांचा आकार, जननेंद्रियाच्या मऊ पाकळ्या, त्यांची संख्या आणि घडी, आणि असलीच तर मधली कडक पट्टी. वाळल्यावर या पाकळ्या चुरगळून जातात. म्हणून हा कीटक टाचणीवर न टोचता द्रवात ठेवलेला बरा. प्रत्येक बाजूने रेखाटन करायचं आणि जवळच्या जातींच्या मूळ नमुन्यांशी ताडून पाहायचं. ही तुलना टाळली, तर जुन्याच जातीला दुसरं नाव चिकटतं.

डीएनएचा सीओआय तुकडा, म्हणजे पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियामधल्या एका जनुकाचा सुमारे 658 अक्षरांचा भाग, मदतीला येतो. पण या गटात त्या जनुकाच्या निकामी नकला पेशीच्या केंद्रकातल्या डीएनएमध्ये शिरलेल्या असतात. चुकून तीच नक्कल वाचली, तर एका जातीच्या दोन दिसतात. वाचनाच्या मध्येच थांबा-संकेत, म्हणजे जनुक संपल्याची खूण, आला, की शंका घ्यायची.

मग नाव. प्राणी-नामकरणाच्या संहितेनुसार 2000 सालापासून नव्या जातीसाठी आधारभूत नमुना स्पष्ट नेमावा लागतो आणि एकच नमुना, म्हणजे होलोटाइप, निवडला तर तो कुठल्या संग्रहात आहे किंवा ठेवला जाणार आहे, हेही लिहावं लागतं. होलोटाइपसाठी धडधाकट प्रौढ नर निवडावा, कारण ओळख त्याच्याच अंगावर आहे.

(दृश्य : बाटलीत सरकणारी कागदाची चिठ्ठी.)

चिठ्ठीवर ठिकाण, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव. पेन्सिलीने लिहा, साधी शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. आणि ती बाटलीच्या आतच टाका. बाहेर चिकटवलेली गळून पडली, तर आत उरतो तो कुठला हे कुणालाच सांगता न येणारा कीटक.